सकाळी स्पॅनिश, दुपारी स्कूबा: बोकास देल तोरोच्या पॅकेजचा हिशेब

आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. बिडाच्या व्हॉल्व्ह बॉडी ओततो, त्यातला बराच माल मेक्सिकोला जातो. तिकडची माणसं मेल इंग्रजीत लिहितात, पण फोनवर दराची घासाघीस सुरू झाली की आपसात स्पॅनिश बोलायला लागतात आणि आम्ही इकडं हाताची घडी घालून बसतो. म्हणून स्पॅनिश शिकायचं ठरवलं. पनामाचं बेट निवडलं ते मात्र हौसेपोटी. सकाळी चार तास भाषेचा वर्ग, दुपारी स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली पोहणं, राहायची सोय, सगळं एकाच फीत, असं ते पॅकेज. ह्यूस्टनला कामासाठी जायचंच होतं, तिथून पनामा सिटीला थेट विमान आहे. बायको म्हणाली, "बुडायला एवढ्या लांब कशाला? पंचगंगा हाय की."

निकाल आधीच सांगतो. शाळा एक नंबर. डायव्हिंग बरं. दोन्ही एका दिवसात कोंबणं मात्र अजिबात पटलं नाही.

बोकास देल तोरो हा पनामाच्या कॅरिबियन बाजूचा द्वीपसमूह, कोस्टारिकाच्या हद्दीजवळचा. कोलंबस त्याच्या चौथ्या सफरीत, १५०२ मध्ये इथं आला होता, म्हणून मुख्य बेटाचं नाव इस्ला कोलोन. जाणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं की परदेशी विमान पनामा सिटीच्या तोकुमेन विमानतळावर उतरतं आणि बोकासचं छोटं विमान तिथल्याच आल्ब्रूक या दुसऱ्या विमानतळावरून सुटतं. दोन्हीमध्ये अख्खं शहर आहे, त्यामुळं हातात भरपूर वेळ ठेवा. पैसे वाचवायचे असतील तर रात्रभर बसनं आल्मिरांते बंदराला जायचं आणि तिथून लांचा, म्हणजे मोटरबोट. बसमधला एसी इतका कडक की स्वेटर लागतो. चलन बदलायची कटकट नाही. पनामाचं बाल्बोआ डॉलरच्याच भावाचं आणि नोटा सरळ डॉलरच्याच.

आता शाळा. रस्त्यालगत लाकडी घर, वर पत्रा, पाऊस आला की बाईंचा आवाज ऐकू येत नाही. आणि पाऊस तिथं कधीही येतो. बाईंना सगळे 'प्रोफे' म्हणतात. पहिल्या तासापासून इंग्रजी बंद. वर्गात चारच डोकी, त्यामुळं कोपऱ्यात लपायची सोय नाही.

व्याकरणात मराठी माणसाला फुकटचा फायदा मिळतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कॅनडाची एक पोरगी 'मे गुस्ता'वर, म्हणजे 'मला आवडतं'वर, दोन तास अडली होती. समुद्र आवडतो म्हणताना कर्ता समुद्र आणि आपण बाजूला, हे तिला पटेना. आपण 'मला समुद्र आवडतो, मला मासे आवडतात' असंच बोलत मोठे झालो, क्रियापद माशांच्या मागं आपोआप जातं. भूतकाळाचंही तसंच. एकदा गेलो तो वेगळा आणि नेहमी जायचो तो वेगळा, हा फरक आपल्या तोंडात आधीपासून बसलेला आहे. त आणि द हे उच्चार तर आपलेच. अडलो ते 'आहे'साठी दोन क्रियापदं आली तिथं, सेर आणि एस्तार. माणूस इंजिनियर आहे ते एक, माणूस दमलेला आहे ते दुसरं. तिथं कॅनडावाली आणि मी एकाच बाकावर.

प्रोफेंचं खरं कसब दुसऱ्या आठवड्यात कळलं. मी म्हटलं, मला पर्यटकांची वाक्यं नकोत, धंद्याची हवीत. दुसऱ्या दिवशी त्या मला वर्गातून उठवून फेर्रेतेरियात, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात, घेऊन गेल्या. काउंटरवर उभं करून म्हणाल्या, आता विचार. हा व्हॉल्व्ह बिडाचा का पितळेचा, किती दाब सोसतो, गळला तर परत घेणार का, शंभर घेतले तर भाव किती. दुकानदार आधी हसला, मग त्यालाही चेव आला. तासभर मी तिथं 'येर्रो फुंदिदो'चे, म्हणजे बिडाचे, गोडवे गात होतो. हा एक तास सगळ्या पॅकेजची किंमत वसूल करून गेला. असं शिकवणारं माणूस असेल तर शाळा झाडाखाली असली तरी चालेल.

बेटाची अडचण अशी की तिथं स्पॅनिशवाचून तुमचं काही अडत नाही. बारमध्ये इंग्रजी, टूरवाल्यांकडं इंग्रजी, बास्तिमेंतोस बेटावरची जुनी माणसं तर इंग्रजीवरूनच घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. सराव करायचा तर चिनी लोकांच्या किराणा दुकानांत जा, नाहीतर फोंदात, म्हणजे खानावळीत. नारळाच्या दुधातला भात आणि राजमा, दोनदा तळलेल्या कच्च्या केळ्याचे पाताकोनेस, सोबत आही चोम्बो मिरचीचा पिवळा सॉस. कांदा-लसूण चटणी बॅगेतच राहिली, एवढं सांगितलं की कोल्हापूरकराला पुरे.

डायव्हिंगकडं वळू. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ आपण जे करतो, त्यात ट्रेनर तुम्हाला धरून खाली नेतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. इथला ओपन वॉटर कोर्स म्हणजे परवाना. २०० मीटर पोहून दाखवा, १० मिनिटं तरंगून दाखवा, मग उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारा भाग, परत शोधणं, आणि शेवटी समुद्रात चार डाइव्ह, जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत. विहिरीत सूर मारून वाढलेल्या माणसाला यातली पोहण्याची परीक्षा किरकोळ. पण विहिरीत आपण दम धरतो, आणि इथं पहिलाच नियम: दम कधीच धरायचा नाही. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, तिथं भरून घेतलेली हवा वर येताना फुगत जाते आणि फुप्फुस फाटू शकतं. हे समजावताना इन्स्ट्रक्टरनं अजिबात घाई केली नाही, त्याबद्दल पूर्ण गुण.

डाइव्हपैकी सोलार्ते बेटाजवळचा हॉस्पिटल पॉइंट आवडला. केळ्यांचा व्यापार करणाऱ्या युनायटेड फ्रूट कंपनीचं इस्पितळ तिथं होतं, त्यावरून नाव. स्पंज रंगीत, मेंदूसारखी प्रवाळं, कॅरिबियनमध्ये घुसखोर ठरलेला लायनफिशही दिसला. पण मोठे मासे फार नाहीत आणि पाऊस झाला की पाणी गढूळ. फोटोतलं निळंशार पाणी डोक्यात धरून जाल तर रुसाल. समुद्र शांत हवा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर बघा.

आणि शिकवणी सगळी इंग्रजीत! पाण्याखाली तर हातवारेच. म्हणजे स्पॅनिश आणि स्कूबा एका पत्रकावर छापले असले तरी एकाचा दुसऱ्याला काडीचा उपयोग नाही. सकाळी क्रियापदं, दुपारी सिलिंडर, रात्री गृहपाठ उघडला की डोळे मिटतात. वर चित्रा नावाच्या बारीक माश्या पाय फोडून काढतात. पॅकेजात शेवटच्या दुपारी डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विमान लावलं होतं. बरेच दिवस डाइव्ह केल्यावर विमानाआधी १८ तास तरी मोकळे हवेत, हे कोर्सच्या पुस्तकातच आहे. मी ते दाखवून तारीख बदलून घेतली, पण हे गिऱ्हाइकानं का सांगावं?

फी वेगवेगळी विचारली तर बेरीज जवळपास तेवढीच येते. म्हणून आधी फक्त शाळा घ्या, मग चार दिवस फक्त समुद्र. थिअरी आणि पूलचा भाग भारतात उरकून रेफरल, म्हणजे तेवढं झाल्याचा कागद, नेला, तर तिथं चार समुद्री डाइव्हच उरतात.

जायचं असेल तर पिवळ्या तापाची लस विसरू नका. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. मी मुंबईला जाऊन घेतली. पनामाहून परतताना त्या लसीचं कार्ड नसेल तर आपल्याच विमानतळावर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात.