मागच्या सीटवरच्याला कळता कामा नये: डाउनशिफ्टिंगच्या एका वर्गाविषयी

गाडी येणाऱ्यांसाठी जे ‘ॲडव्हान्स’ ड्रायव्हिंगचे वर्ग निघतात, त्यांच्याविषयी माझं मत फारसं बरं नव्हतं. शंकूंमधून नागमोडी गाडी, हेल्मेट घालून फोटो, संध्याकाळी प्रमाणपत्र. हा वर्ग वेगळा निघाला तो विषयामुळे. मॅन्युअल गाडीत वरच्या गिअरवरून खालच्या गिअरवर कसं यायचं, अख्खा दिवस तेवढंच. एवढ्याशा गोष्टीला दिवस कशाला, असं वाटेल. पण वरचा गिअर सगळेच नीट टाकतात. खालचा टाकताना मात्र गाडी मान खाली घालते आणि आतली मंडळी एकसाथ नमस्कार करतात.

शिकवणारे सर वयस्कर. आयुष्य ट्रकवर गेलेलं, तेही सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडताना गती आपोआप जुळवणारी यंत्रणा, नसलेल्या गिअरबॉक्सवर. सिंक्रोमेश 1928 साली कॅडिलॅकने आणलं, पण अवजड वाहनांत ते नसलेले गिअरबॉक्स पुढे कितीतरी दशकं चालले. तिथे इंजिनाची गती जुळवल्याशिवाय गिअर पडतच नाही, नुसता दात खात बसतो. त्यामुळे सरांचा हात आणि कान दोन्ही तयार. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. “ताई, क्लच सोडायची घाई कुणाला आहे?” हा त्यांचा रागावण्याचा सर्वात वरचा सूर.

गाडी आपलीच न्यायची, हे मला फार पटलं. दुसऱ्याच्या गाडीवर जमलेली गोष्ट घरी येऊन आपल्या क्लचवर जमेलच असं नाही. एका गाडीत दोघं शिकणारे: एक चालवणार, दुसरा मागे डोळे मिटून बसणार. गिअर बदलल्याचं कळलं की मागच्याने हात वर करायचा. सगळी परीक्षा एवढीच. मात्र तिच्यात लपायला जागा नाही. सुरुवातीला माझ्या मागच्या गृहस्थांचा हात जवळजवळ वरच होता.

कारण सरांनी आकड्यांत सांगितलं, आणि ते मला कुठल्याही फळ्यावरच्या आलेखापेक्षा लवकर समजलं. पाच गिअरच्या छोट्या पेट्रोल गाडीत चौथ्यात आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा, काटा 2000 वर असेल, तर त्याच वेगाला तिसऱ्यात तो साधारण 2650 वर हवा. आपण क्लच दाबतो, ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, काटा हजाराच्या आसपास घसरतो. आता क्लच सोडला की मधलं सगळं अंतर चाकांनी इंजिनाला ओढत नेऊन भरून काढायचं. झटका तिथून येतो, क्लचप्लेट तिथेच झिजते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना काटा जवळपास दीडपट व्हावा लागतो आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर दुपटीच्या जवळ. पहिला गिअर चालत्या गाडीत का अडतो, ते मला त्या दिवशी कळलं.

उपाय दोन. एक, क्लच सावकाश सोडणं: सोपं, गर्दीच्या रस्त्यावर पुरेसं, पण प्रत्येक वेळी प्लेट थोडी घासतेच. दुसरा, क्लच दाबलेला असतानाच हलकी रेस देऊन काटा हव्या तिथे नेणं आणि मग क्लच सोडणं. चालत्या बसमध्ये चढताना आधी दोन पावलं बसबरोबर धावतो, तसं. सरांनी काट्याकडे बघायला बंदी घातली होती. आवाज ऐकायचा. आधी आकडे सांगून मग काटा झाकायला लावणं मला विचित्र वाटलं होतं, पण दुपारपर्यंत कानाला सवय झाली. हल्लीच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची तार जाऊन इलेक्ट्रॉनिक पेडल आलं आहे. ते किंचित उशिरा जागं होतं, म्हणून रेस टिचकीसारखी न देता पाय क्षणभर टेकवून द्यायची. माझ्या गाडीला नेमकं तेच लागत होतं.

वर्गाचा उत्तम भाग मात्र उताराचा. ब्रेक थांबायला आणि गिअर वेग धरून ठेवायला, ही वाटणी त्यांनी उतार लागण्याआधीच करायला लावली. उतार सुरू होऊन गाडी पळायला लागली की मग गिअर शोधायचा नाही. सतत ब्रेक दाबून उतरलं तर उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत जाते. नव्या डॉट 4 प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक किमान 230 अंश सेल्सिअस, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि ओल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 155 वर येते. एकदा ते उकळलं की पेडल दाबूनही खाली रिकामंच जातं. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांची सरांनी हसत हसत हजेरी घेतली: फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तर इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला ते लागतंच. म्हणजे बचतही नाही आणि इंजिनाची पकडही गेली. माझ्या बॅचमधले एक जण यावर बराच वेळ गप्प होते.

चुकीच्या गिअरची भीतीही त्यांनी नीट दाखवली, अर्थात गाडी उभी असताना. पाचव्यावरून चौथा घेताना मूठ आवळून लिव्हर आपल्यापासून लांब, डावीकडे रेटली तर चौथ्याऐवजी दुसरा पडू शकतो. वेगात असं झालं तर इंजिनाचा आरपीएम मर्यादेबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटरही उपयोगाचा नाही. तो इंधन तोडतो, इथे तर इंजिनाला चाकं फिरवत असतात. म्हणून तळवा उघडा, लिव्हर सरळ मागे. स्प्रिंग तिला आपोआप मधल्या रांगेत आणते. ओल्या रस्त्यावर झटक्याने खालचा गिअर टाकू नये, हेही याच ओघात आलं. तिथे चाक घसरतं ते इंजिनाच्या ओढीने. ब्रेक लावताना चाक अडकू नये म्हणून असलेलं एबीएस फक्त ब्रेक सैल करू शकतं.

आता तक्रारी.

हील-अँड-टोला दिलेला वेळ वाया गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक आणि त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटर, हे शर्यतीच्या गाडीत शोभतं. घरच्या गाडीत ब्रेकचं पेडल बरंच वर असतं, जोरात ब्रेक लावल्याशिवाय दोन्ही एका पातळीत येत नाहीत. शिवाय काही गाड्यांत ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलरेटरचं ऐकूच नये अशी इलेक्ट्रॉनिक सोय असते. अशा एका गाडीवर आमच्यातल्या एकाने पाय मुरगळेस्तोवर खटपट केली. हे आधी तपासायला नको का? आणि ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी 2009 च्या निसान 370झेडपासून स्वतःच रेस देणाऱ्या गाड्याही निघाल्या आहेत.

डबल क्लचची, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून रेस द्यायची आणि पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा, याची गोष्ट वेगळी. आजच्या गाडीला त्याची गरज नाही, तरी चालत्या गाडीत पहिला गिअर लोण्यासारखा पडताना बघून मजा आली. सर तो भाग खुलून शिकवतात, साहजिकच.

डिझेलवाल्यांवर अन्याय होतो. डिझेलचं इंजिन रेस द्यायला आळशी आणि त्याचा कमाल आरपीएमही कमी, त्यामुळे खालचा गिअर कधी घ्यायचा याचं गणित बदलतं. वर्गातल्या माझ्या जोडीदाराची गाडी डिझेल होती आणि त्यांना दिवसभर पेट्रोलचेच आकडे ऐकावे लागले. पाचव्यावरून थेट तिसऱ्यात यावं की प्रत्येक पायरी घ्यावी, हा प्रश्नही त्यांनीच विचारला तेव्हा निघाला. ब्रेकने वेग पुरेसा उतरला असेल तर मधला गिअर खुशाल गाळा, असं उत्तर मिळालं. हे न विचारता सांगायला हवं होतं.

नुकतंच लायसन्स मिळालेल्यांनी जाऊ नये. क्लचचा बाइट पॉइंट, म्हणजे क्लच सोडताना जिथे तो पकडायला लागतो ती जागा, पायाला न शोधता सापडायला लागल्यावर जावं. रोज घाट उतरणाऱ्यांनी जरूर जावं, घरच्यांना मागे बसवून नेता येत असेल तर आणखी चांगलं. आणि पातळ तळव्याचे बूट घालून जा. जाड सोलच्या बुटांत पेडल कळत नाही म्हणून सरांनी मला तिथली जुनी जोडी काढून दिली. ती एक नंबर मोठी होती.