पॅट्रोनी, दोन साइट आणि नऊ महिने: फेलओव्हर कुठवर यंत्रावर सोडावा?

आधी मांडणी. पहिल्या साइटवर (डेटा सेंटरमध्ये) पोस्टग्रेस १६ या डेटाबेसचे तीन नोड, म्हणजे सर्व्हर, आणि तीन एटसीडी (मुख्य नोड कोणता ही नोंद सांभाळणारे). दूरच्या साइटवर पोस्टग्रेसचे दोन नोड आणि तिथले स्वतंत्र तीन एटसीडी. दोन्हीकडे पॅट्रोनी (मुख्य नोड पडला की दुसऱ्याला त्याच्या जागी आणणारं साधन; हा बदल म्हणजे फेलओव्हर), पुढे जोडण्या योग्य नोडकडे वळवणारा एचएप्रॉक्सी, बॅकअपसाठी पीजीबॅकरेस्ट. दूरची साइट ‘स्टँडबाय क्लस्टर’ म्हणून चालते: तिथला लीडर, म्हणजे प्रमुख नोड, पहिल्या साइटकडून वॉल (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) ओढतो, बाजूचा नोड त्याच्याकडून घेतो. त्यामुळे लांबच्या लिंकवरून एकच प्रवाह जातो.

नऊ महिन्यांनंतरचं मत असं: साइटच्या आतला फेलओव्हर पॅट्रोनीवर निर्धास्त सोडावा. दोन साइटमधला निर्णय मात्र माणसानेच घ्यावा, आणि स्टँडबाय क्लस्टरची रचना नेमकं तेच करायला लावते. ही उणीव वाटते, पण खरं तर हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

साइटच्या आत काय मिळतं? मूळ सेटिंगमध्ये टीटीएल (लीडरच्या किल्लीची, म्हणजे एटसीडीतल्या लीडरपदाच्या नोंदीची मुदत) ३० सेकंद, लूप वेट (दोन तपासण्यांमधला वेळ) १० आणि रीट्राय टाइमआउट (पुन्हा प्रयत्न करण्याची मुदत) १०. लूप वेट अधिक दुप्पट रीट्राय टाइमआउट ही बेरीज टीटीएलच्या वर जाता कामा नये. टीटीएल कमी करायची घाई असेल तर हे गणित आधी करा. प्रायमरीचं (लेखन घेणाऱ्या मुख्य नोडचं) मशीनच गेलं तर लीडरची किल्ली संपायला साधारण ३० सेकंदांपर्यंत लागतात आणि मग निवड होते. पण मशीन जिवंत राहून फक्त पोस्टग्रेस कोसळलं, तर पॅट्रोनी आधी त्याच नोडवर ते पुन्हा उभं करायला बघतं, आणि त्यासाठी मूळ मुदत ३०० सेकंदांची आहे. ‘अर्ध्या मिनिटात फेलओव्हर’ असं कागदावर लिहिणारे नेमके इथे फसतात. मोठ्या डेटाबेसची क्रॅश रिकव्हरी (कोसळल्यावर वॉल पुन्हा लागू करणं) मिनिटंच्या मिनिटं चालते. वेळेचं बंधन कडक असेल तर ही मुदत कमी करा.

एकच एटसीडी क्लस्टर दोन साइटवर ताणायचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळा. दोन साइटमध्ये तीन सदस्य कसेही वाटले तरी एका बाजूला दोन येणारच, आणि ती बाजू गेली की उरलेल्या एकट्याला कोरम (बहुमत) नाही. तिसरी स्वतंत्र साइट असेल तरच ते जमतं. शिवाय एटसीडीचा हार्टबीट (‘मी जिवंत आहे’ हा संदेश) मुळात १०० मिलिसेकंद आणि निवडणुकीची मुदत १००० मिलिसेकंद असते. संदेश जाऊन परत यायचा वेळ जास्त असेल तर निवडणुकीची मुदत त्याच्या निदान दहापट लागते. कोरम गेल्यावर प्रायमरीने स्वतःहून वाचनापुरतं होऊ नये म्हणून पॅट्रोनी ३.० पासून फेलसेफ मोड आहे. तो सुरू ठेवा, पण प्रायमरीला सगळे सदस्य पॅट्रोनीच्या रेस्ट एपीआयवर (नेटवर्कवरून विचारपूस करायच्या सोयीवर) उत्तर देत असतील तरच तो कामी येतो.

साइट आपोआप बदलण्याची किंमत काय असते, हे ऑक्टोबर २०१८ मध्ये गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या मायएसक्यूएल डेटाबेसवर दिसलं. नेटवर्क ४३ सेकंद तुटलं, दरम्यान दुसऱ्या किनाऱ्यावरचा सर्व्हर प्रायमरी झाला, दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेल्या नोंदी उरल्या, आणि सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली.

सिंक्रोनस रेप्लिकेशन (दुसऱ्या नोडकडून पोच येईपर्यंत कमिट, म्हणजे व्यवहार पक्का होणं, थांबवणं) साइटच्या आतच ठेवलेलं बरं. फायबरमध्ये प्रकाशाला १०० किलोमीटर जाऊन यायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, म्हणजे ५०० किलोमीटरला प्रत्येक कमिटवर किमान ५. प्रत्यक्षात केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे आणखी. दूरची साइट असिंक्रोनस ठेवली तर काही सेकंदांचा डेटा जाऊ शकतो, हे मालकांकडून आधीच लेखी मान्य करून घ्या.

आता स्लॉट, म्हणजे दूरच्या नोडला मिळेपर्यंत वॉल जपून ठेवायला लावणारी प्रायमरीवरची नोंद. सर्वांत जास्त डोकेदुखी इथेच आहे. दूरच्या लीडरसाठी पहिल्या साइटवर हाताने स्लॉट बनवला तर पॅट्रोनी तो अनोळखी समजून काढून टाकतं. तो पॅट्रोनीच्या कॉन्फिगमध्ये कायमचा म्हणून नोंदवावा लागतो. लीडरला जोडायचा पत्ताही एखाद्या नोडचा देऊ नका, एचएप्रॉक्सीचा द्या. नाहीतर तिकडे प्रायमरी बदलला की इकडचा प्रवाह भलत्याच नोडला चिकटून राहतो. उलट बाजूने, लिंक तुटली की स्लॉट वॉल धरून ठेवतो. सेकंदाला १६ एमबीची एक फाइल बनत असेल तर ८ तासांत सुमारे ४६० जीबी साचतात. डिस्क भरली की प्रायमरीच बंद, म्हणजे आपत्तीची तयारीच आपत्ती ठरते. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटने किती वॉल धरावं याची मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. मर्यादा घाला, आणि ती ओलांडल्यावर दूरच्या साइटला आर्काइव्हमधून वॉल उचलता येईल अशी रिस्टोर कमांडही देऊन ठेवा.

दोन्ही साइटवर ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती एकच हवी. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ ने अक्षरांचा क्रम बदलला. जुन्या आवृत्तीवर बांधलेली इंडेक्स नव्यावर रेप्लिका (प्रत) म्हणून गेली की क्वेरी चुकीची उत्तरं देतात, आणि एररसुद्धा येत नाही. हे ड्रिलमध्येही (फेलओव्हरच्या सरावात) सहज निसटतं, कारण सर्व्हर व्यवस्थित उभा राहतो.

प्रत्यक्ष बदलाचा क्रम असा ठरला. पहिली साइट खरंच गेली का, ते दोन वेगळ्या मार्गांनी तपासायचं. मग तिला अडवायचं: पॅट्रोनी बंद, ते शक्य नसेल तर नेटवर्कवरूनच तोडायचं. ही पायरी गाळून पुढे जाणं म्हणजे दोन प्रायमरींना आमंत्रण. त्यानंतर दूरच्या लीडरकडे आलेलं वॉल आणि लागू झालेलं वॉल बरोबरीला येईपर्यंत थांबायचं, तो आकडा लिहून ठेवायचा आणि कॉन्फिगमधला स्टँडबाय क्लस्टरचा भाग काढायचा. पॅट्रोनी पुढच्या फेरीत, म्हणजे दहाएक सेकंदांत, लीडरला प्रमोट करतं, म्हणजे प्रायमरी बनवतं. लगेच नवा बॅकअप सुरू करायचा. जुनी साइट परत आली की ती स्टँडबाय म्हणूनच आणायची. त्यासाठी पीजी रिवाइंड (जुन्या प्रायमरीचा डेटा नव्याशी जुळवणारं साधन) लागतं, आणि ते चालायला पोस्टग्रेसमधली चेकसम किंवा वॉल लॉग हिंट्स ही सोय आधीपासून चालू हवी. ऐन वेळी आठवून उपयोग नाही.

लॅगच्या (दूरची साइट किती मागे आहे याच्या) अलार्मने बरंच छळलं. शेवटच्या लागू व्यवहाराची वेळ आताच्या वेळेतून वजा केली, तर प्रायमरी शांत असताना आकडा उगाच वाढत जातो. बाइटमधला फरक मोजा.

पीजीबॅकरेस्टबद्दल तक्रार फारशी नाही. रेपो (बॅकअपचा साठा) दोन्ही साइटवर ठेवा. नुसत्या बॅकअपवर विसंबायचं तर २ टीबी डेटा १ जीबीपीएस लिंकवरून यायलाच साडेचार तासांच्या आसपास जातात, पुढे वॉल लागू करण्याचा वेळ वेगळा. आर्काइव्ह रांगेची (रेपोत जायला थांबलेल्या वॉलच्या रांगेची) कमाल मर्यादा जपून वापरा. ती भरली की वॉल टाकून दिलं जातं आणि हव्या त्या क्षणाला परत जाण्याची साखळी पुढच्या बॅकअपपर्यंत तुटते. तीच वॉल फाइल वेगळ्या चेकसमने आधीच आहे अशी एरर दिसली, तर ती दुर्लक्षू नका, कुठेतरी दोन प्रायमरी लिहीत असण्याची शक्यता आहे.

ॲप्लिकेशनकडे दोन्ही साइटचे पत्ते एकाच कनेक्शन स्ट्रिंगमध्ये द्या आणि लिहिता येणाराच सर्व्हर निवडायला सांगा. लिबपीक्यूमध्ये (पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीत) ही सोय आवृत्ती १० पासून आहे. फक्त डीएनएस बदलून भागत नाही, कारण कनेक्शन पूल जुना पत्ता धरून बसतात. प्रमोशननंतर अनलॉग्ड टेबल (ज्यांचे बदल वॉलमध्ये जात नाहीत) रिकामी मिळतात आणि सिक्वेन्समध्ये (आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या सोयीत) ३२ पर्यंत आकडे उडालेले दिसू शकतात. बिल क्रमांक सलग हवेत म्हणून ते सिक्वेन्सवर टाकले असतील, तर ते आधी बदला.