एक्सपीचा डेस्कटॉप, नवा लॅपटॉप आणि दोघांना एकच लेझर प्रिंटर : पावसाळ्यापासूनचा अनुभव

इंदूरला रामबागेजवळ माझं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं) छोटं काम आहे. लग्नामुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादा कवितासंग्रह. नवा मजकूर विंडोज ११ च्या लॅपटॉपवर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या अक्षरपद्धतीत होतो. जुनी सगळी कामं मात्र पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत आहेत आणि ती विंडोज एक्सपीच्या डेस्कटॉपवरच नीट उघडतात. युनिकोडमध्ये आणली, तर रफार आणि जोडाक्षरं ओळीओळीने तपासावी लागतात. दरवर्षी तीच स्मरणिका थोडे बदल करून छापून घेणारी मंडळं आहेत. म्हणून तो डेस्कटॉप राहणार, हे ठरलेलं होतं.

प्रिंटर घ्यायला सिल्व्हर मॉलमध्ये गेले तेव्हा प्रत्येक दुकानात मिनिटाला किती पानं आणि वायफाय आहे का, यावरच बोलणं. माझा प्रश्न वेगळा होता: याला भाषा कोणती कळते? स्वस्त लेझर प्रिंटर बहुधा पानाचं चित्र स्वतः तयार करत नाहीत. ते काम कॉम्प्युटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) करतो आणि प्रिंटर फक्त ठिपके उमटवतो. कंपनीने तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर दिला नसेल, तर असा प्रिंटर तुमच्यापुरता बंदच. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, तेव्हा आजच्या स्वस्त मॉडेलला एक्सपीचा ड्रायव्हर मिळेल ही आशा धरू नये. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या पान कसं छापायचं ते सांगणाऱ्या भाषा कळणाऱ्या प्रिंटरला ही अडचण येत नाही. दोन्ही भाषा १९८४ च्या सुमाराच्या आहेत आणि आजही चालतात.

मी ब्रदरचा एचएल-एल५१००डीएन घेतला. त्यात पीसीएल ६ आहे, पोस्टस्क्रिप्ट ३ ची नक्कल करणारं बीआर-स्क्रिप्ट ३ आहे, लॅनचं (नेटवर्क केबलचं) पोर्ट आहे आणि दोन्ही बाजूंची छपाई आपोआप होते. वायफाय नाही. मला ते नकोच होतं. केबल राउटरला लावली, प्रिंटरला कायमचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला.

एक्सपीवर कंपनीचा ड्रायव्हर शोधलासुद्धा नाही. नेटवर्कवरच्या प्रिंटरसाठी असलेलं स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट बनवलं, त्यात रॉ हा प्रकार आणि ९१०० हा क्रमांक दिला आणि एक्सपीच्या स्वतःच्या यादीतला एचपी लेझरजेट ४ चा ड्रायव्हर निवडला. तो प्रिंटर १९९२ चा, पण त्याची भाषा याला कळते. पहिलंच पान स्वच्छ आलं. काही जुन्या फॉन्टांच्या मात्रा सरकल्या, तेव्हा ट्रू-टाइप फॉन्ट ग्राफिक म्हणून पाठवायचा पर्याय चालू केला आणि त्या जागेवर आल्या. एक सांगते, एक्सपीच्या मशीनवर नेटवर्कच्या सेटिंगमधला गेटवेचा (इंटरनेटकडे जायच्या वाटेचा) रकाना रिकामा ठेवा. प्रिंटर त्याच नेटवर्कवर असल्याने छपाई होते आणि ते असुरक्षित मशीन इंटरनेटवर जात नाही.

माझ्यासाठी खरी मोलाची गोष्ट पोस्टस्क्रिप्ट. पेजमेकरमध्ये ईपीएस (पोस्टस्क्रिप्टमध्येच साठवलेलं) चित्र लावलं, पत्रिकेवरचा गणपती असो की मंडळाचं बोधचिन्ह, तर साध्या प्रिंटरवर त्याची पडद्यावरची खडबडीत प्रतच छापली जाते. कडा दातेरी दिसतात. एक्सपीवर याच प्रिंटरचं दुसरं नाव पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हरने जोडलं, प्रिंटरची माहिती असलेली पीपीडी फाइल पेजमेकरच्या पीपीडी४ फोल्डरमध्ये टाकली आणि गणपतीची सोंड रेखीव आली. मिरर आणि निगेटिव्ह हे पेजमेकरचे पर्यायही पोस्टस्क्रिप्टवरच मिळतात. ऑफसेटच्या प्लेटसाठी ट्रेसिंग पेपरवर उलटी प्रिंट द्यावी लागते, तेव्हा याचं महत्त्व कळतं. ट्रेसिंग हाताने घालायच्या ट्रेमधून एकेक द्यावा आणि मागचं झाकण उघडं ठेवावं, म्हणजे कागद सरळ बाहेर येतो, वळत नाही.

लॅपटॉपवर काही करावं लागलं नाही. भाचीच्या आयफोनने एअरप्रिंट या ॲपलच्या छपाईच्या सोयीने आपणच प्रिंटर शोधला, केबलवर असूनही.

इथल्या पावसाळ्यात कागद दमट होतो. उघडी रीम ट्रेमध्ये राहिली की दुसरी बाजू छापताना कागद वाकतो, कधी अडकतोही. लागेल तेवढाच कागद भरते, बाकी रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात. दुसरं म्हणजे, लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. आतला हीटर तापताना एकदम खूप वीज ओढतो. मी भिंतीच्या सॉकेटवरच लावला आहे.

खर्चाचा हिशेब करताना लक्षात घ्या, यात टोनर आणि ड्रम वेगवेगळे आहेत. टोनर संपला की फक्त टोनर बदलायचा, ड्रम बराच काळ चालतो, पण बदलायची वेळ आली की तो स्वस्त नाही. रंगीत छपाई हवी असेल किंवा महिन्याला चार पानंच काढायची असतील, तर एवढे पैसे घालू नका. जुनं मशीन नेटवर्कवर येत नसेल, फक्त पॅरलल पोर्टच (जुन्या प्रिंटरच्या रुंद केबलचं) असेल, तर हा उपयोगाचा नाही. बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल नव्या कॉम्प्युटरला जुना प्रिंटर जोडण्यासाठी असते, उलट दिशेने चालत नाही. अशांनी पॅरलल पोर्ट असलेलाच प्रिंटर बघावा. ब्रदरच्याच एचएल-एल५०००डीला ते आहे.