स्टीम डेक: घरचा संगणक आणि सोसायटीचे दप्तर म्हणून अनेक महिने वापरल्यानंतर

व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आले, ते हातात धरून गेम खेळण्याचे यंत्र म्हणून. माझ्याकडे त्याची एलसीडी पडद्याची, २५६ जीबीची आवृत्ती आहे. जुना लॅपटॉप बंद पडल्यावर नवा न घेता मी गेले अनेक महिने हेच यंत्र संगणक म्हणून वापरतो आहे, आणि आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव या नात्याने येणारी बहुतेक कामेही यावरच करतो. देखभाल शुल्काचा हिशेब, थकबाकीदारांना पाठवायची पत्रे, सभांची इतिवृत्ते, ‘आय’ आणि ‘जे’ या विहित नमुन्यांतल्या सभासद-नोंदी, टँकरची बिले, त्याखेरीज घरचा जमाखर्च आणि माझे वाचन, असा हा पसारा आहे. गेम मी फारसे खेळत नाही, त्यामुळे त्या अंगाने येथे काहीच लिहिलेले नाही.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे: हा पूर्ण संगणक आहे. आत एएमडीचा चार कोअरचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम आहे, आणि त्यावर चालणारी स्टीमओएस ही प्रणाली आर्च लिनक्सवर आधारलेली आहे. पॉवरचे बटण दाबून धरले की येणाऱ्या यादीतून डेस्कटॉप मोड निवडता येतो आणि समोर केडीई प्लाझ्माचा नेहमीसारखा डेस्कटॉप उघडतो. फायरफॉक्स ब्राउझर, मेलसाठी थंडरबर्ड, तक्ते आणि पत्रांसाठी लिब्रेऑफिस, टिपणांसाठी जॉप्लिन हे सगळे तिथल्या सॉफ्टवेअर केंद्रातून फ्लॅटपॅक स्वरूपात, म्हणजे मूळ प्रणालीपासून वेगळे राहणाऱ्या तयार पॅकेजात, विनासायास मिळते. संस्थेच्या काही वर्षांच्या हिशेबाची मोठी वर्कबुक, शेजारी ब्राउझर आणि मेल, एवढे एकाच वेळी उघडे असतानाही यंत्र अडखळल्याचे मला आठवत नाही. त्यामुळे वेगाचा प्रश्न माझ्यापुरता पहिल्याच आठवड्यात मिटला. खरा प्रश्न वेगळाच आहे. एखाद्या कामात किती टंकलेखन करावे लागते, यावर ते काम या यंत्रावर सुखाचे होते की त्रासाचे, हे जवळजवळ पूर्णपणे ठरते.

टेबलावर बसल्यावर हा प्रश्न उरत नाही. यंत्राला वरच्या कडेला एकच यूएसबी-सी पोर्ट आहे, पण चार्जिंग, पडद्याचे आउटपुट आणि बाकीची उपकरणे ही तिन्ही कामे तोच करतो. एक साधा हब जोडला की मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस लागतात आणि मग आपण गेमच्या यंत्रावर काम करतो आहोत हे लक्षातही राहत नाही. मराठीसाठी डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या मांडण्यांत इनस्क्रिप्ट ही देवनागरीची मांडणी जोडली, त्यासाठी वेगळे काही उतरवून घ्यावे लागले नाही. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असणाऱ्यांना मात्र निराळी इनपुट प्रणाली बसवावी लागेल, आणि ते काम नवख्या माणसाला जरा किचकट वाटेल. ‘एक टाइप’ या फॉन्ट-निर्मात्यांचा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट मी होम फोल्डरमध्ये बसवून घेतला आहे. संस्थेची सगळी पत्रे त्यातच जातात आणि तो प्रणालीच्या अद्ययावतीकरणात पुसला जात नाही. हब घेताना तो ४५ वॉटचे चार्जिंग पुढे पोहोचवू शकतो ना, एवढे पाहून घ्यावे. माझा पहिला, स्वस्तातला हब यंत्र झोपेतून उठले की कीबोर्ड विसरत असे. तो बदलल्यावर ही तक्रार संपली.

हातात धरून काम करताना मात्र यंत्राचा स्वभावच बदलतो, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल याच ठिकाणी आहे. यात उजवा ट्रॅकपॅड माउसचे काम करतो, डाव्याने पान सरकते, मागच्या ट्रिगरनी क्लिक होते. ही झाली मूळ व्यवस्था. पण स्टीम या व्हॉल्व्हच्या गेम-दालनाच्या प्रोग्रामच्या सेटिंग्जमधून प्रत्येक बटणाला कीबोर्डची हवी ती कळ किंवा कळींची जोडी नेमून देता येते, आणि यंत्राच्या पाठीवर, बोटे आपसूक टेकतात तिथे, चार जादा बटणे आहेत. माझ्याकडे दिशादर्शक बटणे म्हणजे बाणाच्या कळा आहेत. पाठीमागची उजवी दोन बटणे कंट्रोल-पेज डाउन आणि कंट्रोल-पेज अप आहेत, म्हणजे लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये पुढची आणि मागची शीट. पाठीमागचे डावे वरचे बटण शोधण्यासाठी, खालचे पेस्ट करण्यासाठी. डाव्या ट्रॅकपॅडवर मी चौकटींची एक यादी बसवली आहे: अंगठा टेकवला की पडद्यावर चौकटी दिसतात, हव्या त्या चौकटीवर अंगठा नेऊन पॅड दाबला की सेव्ह, अनडू किंवा पुढची विंडो ही आज्ञा सुटते. ही सगळी मांडणी मनासारखी व्हायला वेळ लागतो. पण एकदा हाताला बसली की नजर तक्त्यावरून हलवावी लागत नाही.

याचा उपयोग कुठे झाला ते सांगतो. आमच्या संस्थेत महिन्यानुसार एक शीट आहे आणि प्रत्येक शीटवर सदनिकांच्या क्रमाने ओळी. वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणीतरी उठून, "अहो सचिव, माझे मार्चचे पैसे जमा दिसतात का ते जरा बघा," असे म्हणतेच. पूर्वी अशा वेळी खतावणी चाळावी लागे किंवा लॅपटॉप मांडीवर सावरत बसावे लागे. आता उभ्या उभ्याच शोधाचे बटण दाबून सदनिकेचा क्रमांक टाकतो, ओळ सापडते, मागच्या बटणाने एक एक महिना उलटत जातो, आणि विचारणाऱ्याला यंत्र हातात देऊन त्याच्या डोळ्यांनी नोंद पाहू देतो. सात इंची पडदा दोघा-तिघांना एकत्र पाहता येतो, ही गोष्ट फोनवर साधत नाही. हिशेब तपासनिसांच्या मुद्द्यांची पडताळणी, पावत्यांच्या पीडीएफ चाळणे, वर्षभराची बिले एकामागून एक पाहून त्यांच्यापुढे खूण करणे, ही कामे मी आता मुद्दाम टेबलावरून उठून, आरामखुर्चीत बसून करतो.

लिहिण्याची वेळ आली की हे सुख संपते. पडद्यावरचा कीबोर्ड स्टीमचे बटण आणि एक्स एकत्र दाबून येतो, तो पडद्याचा खालचा मोठा भाग व्यापतो, आणि त्यात देवनागरीची मांडणी मला मिळाली नाही. दोन ट्रॅकपॅडवर दोन अंगठ्यांनी इंग्रजी अक्षरे बऱ्यापैकी भरभर उमटतात, सदनिकेचा क्रमांक किंवा रक्कम टाकायला ते पुरेसे आहे, पण इतिवृत्तातले एक मराठी वाक्यही त्यातून लिहिता येत नाही. यावर मला सापडलेला उपाय केडीई कनेक्ट या फोन आणि संगणक जोडणाऱ्या प्रोग्रामचा आहे. फोन आणि यंत्र एकाच वायफायवर जोडलेले असले की फोनवर मराठीत बोलून किंवा टंकून घेतलेला मजकूर कॉपी करायचा, सूचनेतल्या पर्यायातून तो यंत्राकडे धाडायचा आणि इथे पाठीमागच्या बटणाने पेस्ट करायचा. शेरा, एखादी ओळ, फार तर छोटे उत्तर, एवढ्याला ही रीत चांगली चालते. लांबलचक ठरावाचा मसुदा मात्र टेबल आणि खरा कीबोर्ड यांच्याशिवाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डेस्कटॉपवर स्टीम चालू नसेल तर पडद्यावरचा कीबोर्ड आणि आपण नेमलेली बटणे दोन्ही मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दैनंदिनी म्हणून या यंत्रात एक मूलभूत उणीव आहे आणि ती कोणत्याही सेटिंगने जात नाही. पॉवरचे बटण एकदा दाबले की ते झोपते आणि पुन्हा दाबल्यावर काही सेकंदांत, जिथे सोडले होते तिथेच उघडते. ही सोय फारच चांगली आहे. पण झोपेत असताना ते खरोखर झोपलेले असते. गजर वाजत नाही, मेल येत नाही, कॅलेंडरची सूचना उमटत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी निघावी लागते. अशी तारीख आठवण करून देण्याचे काम मी या यंत्रावर सोपवूच शकत नाही. म्हणून तारखा थंडरबर्डच्या कॅलेंडरमध्ये, ते फोनशी कॅलडॅव्ह या कॅलेंडर जुळते ठेवणाऱ्या पद्धतीने जोडलेले, आणि वाजण्याचे काम फोनचे, अशी वाटणी केली आहे. मोठ्या पडद्यावर महिना समोर मांडून सभा, भरणा आणि दुरुस्तीची कामे एकमेकांत अडकत नाहीत ना हे पाहायला डेक उत्तम आहे. ज्यांना खिशात राहून वेळेवर वाजणारी डायरी हवी आहे, त्यांनी याकडे वळू नये. ६६९ ग्रॅम वजनाचे आणि जवळपास तीस सेंटिमीटर रुंदीचे हे यंत्र खिशात मावतही नाही.

डेस्कटॉपमधला कोणताही प्रोग्राम स्टीमच्या यादीत जोडून गेमिंग मोडमध्येही, म्हणजे यंत्राच्या मूळच्या गेमच्या पडद्यावरही, थेट उघडता येतो. तिथे प्रत्येक प्रोग्रामला बटणांची स्वतंत्र मांडणी देता येते, पण एका वेळी एकच विंडो पडदाभर दिसते आणि छोट्या संवादचौकटी कधी कधी अडचणीच्या ठरतात. पीडीएफ वाचण्याचा ऑक्युलर आणि जॉप्लिन मी तिथे ठेवले आहेत, वाचनासाठी ते फार सोयीचे आहे. कॅल्क ठेवलेले नाही. डेस्कटॉपवर नेमलेली इनस्क्रिप्ट मांडणी गेमिंग मोडमध्ये लागू होत नाही, त्यामुळे मराठी लिहायचे असेल तर डेस्कटॉपच गाठावा लागतो.

पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा आहे. अक्षरे रेखीव दिसतात, पण मूळ प्रमाणात ती इतकी बारीक असतात की अनुस्वार आणि रफार यांच्यासाठी डोळे ताणावे लागतात. प्रमाण १२५ टक्के केल्यावर मराठी वाचायला सुखद होते, मात्र काही सेटिंग्जच्या खिडक्यांची खालची बटणे पडद्याबाहेर जातात. कीबोर्डची मेटा (म्हणजे विंडोजच्या चिन्हाची) कळ दाबून खिडकी ओढली की ती वर सरकवता येते, म्हणून ती कळही मी एका बटणावर ठेवली आहे.

स्टीमओएसचा मूळ विभाग केवळ वाचनासाठी खुला असतो आणि अद्ययावतीकरणात तो सगळाच बदलला जातो. फ्लॅटपॅकमधले प्रोग्राम आणि होम फोल्डर जसेच्या तसे राहतात, पण मूळ विभाग उघडून बसवलेले काहीही पुढच्या वेळी नाहीसे होते. रोजच्या वापरात ही गोष्ट मला मोठी सुरक्षितता वाटते, कारण महिनोन्महिने प्रणालीकडे पाहावेच लागत नाही. अडचण येते ती डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनापाशी: त्याचा ड्रायव्हर प्रणालीतच बसवावा लागतो, तेव्हा ते काम मी पत्नीच्या लॅपटॉपवर करतो. ज्यांचे रोजचे काम अशा टोकनावर किंवा विंडोजच्याच एखाद्या हिशेबी सॉफ्टवेअरवर चालते, त्यांनी विंडोजवर चालणारे असूसचे आरओजी अलाय हे असेच हातात धरायचे यंत्र पाहावे. ते २०२३ मध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीला आले. पाठीवर चार बटणे आणि दोन ट्रॅकपॅड मात्र त्यात नाहीत, आणि मला ज्यामुळे हे यंत्र आवडते ते हेच आहे.

सुरक्षिततेबद्दल जरा आग्रहाने लिहितो, कारण इतरांची माहिती सांभाळणाऱ्या माणसाने यात ढिलाई करता कामा नये. हे यंत्र हातात येते तेव्हा डेस्कटॉपच्या वापरकर्त्याला पासवर्ड नसतो आणि साठवणही कूटबद्ध नसते. सभासदांचे फोन क्रमांक, नामनिर्देशनाचे अर्ज, भागपत्रांच्या प्रती अशा स्थितीत त्यावर ठेवणे योग्य नाही. मी आधी टर्मिनलमधून पासवर्ड नेमला, यंत्र जागे होताना पिन विचारले जाईल अशी व्यवस्था केली, संस्थेची कागदपत्रे क्रिप्टोमेटरच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये हलवली आणि सगळे पासवर्ड कीपासएक्ससीमध्ये नेले. हे केल्याशिवाय सभेत यंत्र कोणाच्या हातात देण्याचा प्रश्नच येत नव्हता.

विजेच्या बाबतीत यंत्राने चांगली साथ दिली आहे. बॅटरी ४० वॉट-तासांची आहे. पडद्याची प्रखरता मध्यम ठेवून वाचन आणि हिशेब केले तर माझे पाच-सहा तास निघतात, आणि वीज गेली तरी फक्त मॉनिटर बंद होतो, काम यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर चालू राहते. यूएसबी-पीडीची, म्हणजे यूएसबी-सीतून जास्त वीज देणारी, पॉवर बँकही त्याला चालते.

शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा. मी घेतले तेव्हा या यंत्राची भारतात अधिकृत विक्री नव्हती, ते अमेरिकेतून नातेवाइकांबरोबर आले, त्यामुळे हमी असून नसल्यासारखी आहे. सुटे भाग आयफिक्सिट या दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या कंपनीकडे मिळतात आणि आतली २२३० आकाराची एसएसडी स्क्रू काढून बदलता येते, तरी भाग मागवून यायला किती दिवस लागतील याचा भरवसा नाही. म्हणून कुलूपबंद फोल्डर सिंकथिंग या फाइल जुळत्या ठेवणाऱ्या प्रोग्रामने रोज पत्नीच्या लॅपटॉपवर जातो, आणि सभेची सूचना काढण्याआधी थकबाकीचा तक्ता व सभासदांची यादी मी कागदावर छापून दप्तरात ठेवतो.