सुपीरियर सरोवराकाठचे स्प्लिट रॉक दीपगृह : एका भेटीचा अभिप्राय

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील डुलुथ शहरातून महामार्ग 61 ने, सरोवर उजव्या हाताला ठेवून ईशान्येकडे निघाले, की तासाभरात स्प्लिट रॉक दीपगृह येते. रत्नागिरीत वाढलेल्या माझ्या आईला समोरचे पाणी समुद्राचे नाही हे पटायला वेळ लागला. लाटा होत्या, क्षितिज होते, फक्त खारा वास नव्हता. गोड्या पाण्याच्या तळ्याला दीपगृह कशाला, हा तिचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर येथे फार नेटकेपणाने मिळते.

नोव्हेंबर 1905 मधील एका भीषण वादळात या सरोवरावरील अनेक जहाजांची वाताहत झाली, म्हणून हे दीपगृह बांधण्यात आले आणि 1910 मध्ये त्याचा दिवा प्रथम लागला. तेव्हा येथवर रस्ता नव्हता. विटांपासून भिंगापर्यंत सारे सामान जहाजाने आणून सुमारे 130 फुटांच्या कड्यावर यारीने चढवावे लागले. कठड्यापाशी उभे राहून खाली पाहिले, की त्या कामगारांविषयी आदर दाटून येतो.

मनोरा अवघा 54 फुटांचा असल्याने आईलाही चढता आला. वर पॅरिसमध्ये घडवलेले फ्रेनेल भिंग, म्हणजे काचेच्या अनेक कड्यांनी दिव्याचा प्रकाश एका झोतात एकवटणारे भिंग, आहे. ते पाऱ्यावर तरंगत असल्यामुळे एवढे जड असूनही हलकेच फिरते, आणि त्याच्या फिरण्यातूनच दर दहा सेकंदांनी एक झोत पडत असे. वजनांवर चालणारे, घड्याळासारखे यंत्रही जागेवर आहे. माझ्या मते केवळ या भिंगासाठी तिकिटाचे पैसे द्यावेत. 1969 मध्ये दीपगृहाची सेवा संपली, तरी मिनेसोटा हिस्टॉरिकल सोसायटीने हा परिसर 1920 च्या दशकात होता तसा जपला आहे. रक्षकाच्या घरातील स्वयंपाकघर आईने सर्वांत जास्त वेळ पाहिले.

छायाचित्रांत दिसणारे दृश्य मात्र खालच्या किनाऱ्यावरूनच मिळते. तेथे उतरणाऱ्या पायऱ्या पुष्कळ आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी वरच थांबावे.

शक्य असेल तर 10 नोव्हेंबरला जावे. 1975 मध्ये त्या तारखेला याच सरोवरात बुडालेल्या एडमंड फिट्झगेराल्ड जहाजावरील 29 जणांची नावे वाचून घंटा वाजवली जाते, मग दिवा लावतात आणि अंधारात, तो फिरत असताना, मनोऱ्यावर जाऊ देतात. त्या संध्याकाळी वारा बोचरा असतो. जाड कोट आणि कानटोपी अवश्य सोबत ठेवावी.