युडेमीवर कोर्स विकायचा आहे? शिकवणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

मी एक्सेल शिकवते. आधी वेगवेगळ्या कार्यालयांमध्ये जाऊन शिकवायचे, आता जास्त करून रेकॉर्ड करून. युडेमी म्हणजे कोणालाही आपले रेकॉर्ड केलेले कोर्स विकता येतील अशी साइट. तिथल्या कोर्सांबद्दल शिकणाऱ्यांनी लिहिलेलं ढीगभर सापडतं. तिथे शिकवणाऱ्याच्या हाती काय लागतं हे शोधायला गेलं, तर एकतर ‘झोपेतही पैसे येत राहतील’ सांगणारे व्हिडिओ दिसतात, नाहीतर रागावून बाहेर पडलेल्यांचे दोन ओळींचे शेरे. ज्याच्याकडे शिकवण्यासारखं काहीतरी आहे आणि त्यातून थोडंफार उत्पन्न मिळावं असं ज्याला वाटतं, त्याला या दोन्हींचा उपयोग नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवात पैशांपासून करते, कारण कोर्स कसा बांधायचा हेही शेवटी त्यावरच ठरतं. विद्यार्थी तुमच्या कूपनवरून किंवा तुमच्या लिंकवरून आला, तर कर वगैरे वजा जाता उरलेल्या रकमेतले 97 टक्के तुमचे. तोच विद्यार्थी युडेमीवर शोधता शोधता, त्यांच्या जाहिरातीतून किंवा सवलतीच्या मेलमधून आला, तर तुमचे 37 टक्के. कोर्स तोच, मेहनत तीच. फरक एवढाच की गिऱ्हाईक कोणी आणलं. 2021 पूर्वी युडेमीवर आपणहून सापडलेल्या विक्रीत शिक्षकाला निम्मे मिळायचे. त्या वर्षी ते 37 वर आलं. खरेदी मोबाइल अ‍ॅपमधून झाली तर अ‍ॅपस्टोअरचं कमिशन आधी जातं आणि उरलेल्यातून तुमचा वाटा निघतो. कमिशन 30 टक्के धरलं, तर शंभरातले सत्तर उरतात आणि त्याचे 37 टक्के म्हणजे सव्वीसच्या आत. शिवाय ही सगळी टक्केवारी सवलतीनंतरच्या किमतीवर असते. सवलत योजनेत सामील व्हायचं की नाही हे शिक्षकाच्या हातात असतं. पण तिथला ग्राहक सवलतीला इतका सरावलेला आहे की मूळ किमतीत कोर्स खपेल असं धरून हिशोब मांडू नये.

37 टक्के ऐकून पुष्कळ जण तिथेच थांबतात. मला तो वाटा अन्यायाचा वाटत नाही. ज्याचं नाव कोणाला माहीत नाही अशा माणसाचा कोर्स अनोळखी माणसासमोर नेऊन ठेवणं, त्याच्याकडून पैसे घेणं, परतावा सांभाळणं, व्हिडिओ साठवून जगभर नीट चालवून दाखवणं ही खर्चाची कामं आहेत. टीचेबल किंवा थिंकिफिकसारख्या सेवेवर स्वतःचं दुकान थाटलं, तर दरमहा शुल्क तुम्ही भरता, किंमत तुम्ही ठरवता, विद्यार्थ्यांचे ईमेल तुमच्याकडे राहतात. फक्त गिऱ्हाईक आणायची जबाबदारी शंभर टक्के तुमची. मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर तर 2002 पासून मोफत आणि मुक्त स्रोत आहे, पण ते चालवायला सर्व्हर सांभाळता यायला हवा. भरलेल्या बाजारात गाळा घ्यायचा की आडरस्त्यावर स्वतःची जागा बांधायची, असा हा प्रश्न आहे. ज्यांच्यामागे आधीपासून वाचक किंवा प्रेक्षक नाहीत त्यांनी सुरुवात बाजारातूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझा खरा आक्षेप आहे तो वर्गणीच्या पद्धतीवर. युडेमीवर आता एकेक कोर्स विकत घेण्याबरोबरच वर्गणी भरून हवे ते कोर्स बघायची सोय आहे. कंपन्यांसाठी वेगळी आणि एकट्या माणसासाठी वेगळी. त्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सगळ्या शिक्षकांसाठी बाजूला काढतात आणि कोणाचा कोर्स किती मिनिटं पाहिला गेला यावरून वाटतात. हा हिस्सा 2023 पर्यंत 25 टक्के होता. 2024 मध्ये 20, 2025 मध्ये साडेसतरा आणि 2026 पासून 15, असा उतरता तक्ता त्यांनी आधीच जाहीर केला होता. वर्गणीदार वाढले तर लहान हिश्शातूनही रक्कम जास्त येऊ शकते, हे मान्य. पण शिक्षकाने पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचा तर तो या तक्त्यावरच बांधावा.

टक्क्यांपेक्षाही मला मिनिटांचा हिशोब खटकतो. पिव्होट टेबल, म्हणजे लांबलचक यादीतून गटवार बेरजा काढून देणारा तक्ता, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते सहा मिनिटांत समजावता येतं. रो म्हणजे काय, व्हॅल्यूज म्हणजे काय, ओढून टाकलं की बेरीज कशी पडते, एवढंच. चांगल्या शिक्षकाने ते सहाच मिनिटांत सांगावं. मिनिटांवर पैसे मिळायला लागले की हात आपोआप सैल सुटतो. प्रस्तावना लांबते, तेच उदाहरण पुन्हा येतं, धड्याच्या सुरुवातीला मागच्या धड्याची उजळणी येते. वर्गणीसाठी निवडलेले लोकप्रिय कोर्स पाहताना हा फुगवटा मला वारंवार जाणवतो. कार्यालयातून अर्धा तास काढून शिकायला बसलेल्या माणसाचा वेळ खाऊन आपलं उत्पन्न वाढवायचं, हे शिक्षकाचं काम नाही. मी धडे छोटेच ठेवते, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने तसंच करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाकी तांत्रिक बाजू सोपी आहे. कोर्समध्ये किमान 30 मिनिटांचा व्हिडिओ आणि किमान पाच धडे लागतात, चित्र 720पी किंवा त्याहून चांगलं हवं आणि आवाज डाव्या आणि उजव्या दोन्ही स्पीकरमधून यायला हवा. छोटासा चाचणी व्हिडिओ आधी पाठवून आवाज आणि चित्र तपासून घेता येतं. ही सोय न चुकता वापरावी, कारण सगळं रेकॉर्ड झाल्यावर खोलीतला घुमारा काढता येत नाही. रेकॉर्डिंगला मी ओबीएस वापरते, आवाज ऑडॅसिटीत साफ करते. दोन्ही मोफत आहेत. कॅमेऱ्यावर खर्च करू नका, माइकवर करा. चित्र थोडं फिकं असलं तरी माणूस बघतो, आवाज फाटका असला की पहिल्या धड्यातच बंद करतो. पैसे खात्यात यायला वेळ लागतो, कारण विद्यार्थ्याला 30 दिवसांत परतावा मागता येतो. त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या विक्रीचा आकडा बघून खर्चाचे बेत आखू नयेत.

आता त्या ‘झोपेतल्या’ उत्पन्नाबद्दल. कोर्स एकदा केला की झालं, हे निदान माझ्या विषयात साफ खोटं आहे. एक्सेल शिकवणारे सगळे वर्षानुवर्षं व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यातून हवी ती नोंद शोधून आणणारं फंक्शन, शिकवत होते. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच कामाचं नवं फंक्शन, एक्सलुकअप, आणलं आणि तो सगळा विभाग जुना झाला. नवा धडा केला की काम संपतं असंही नाही. एक्सेल 2016 आणि 2019 मध्ये हे फंक्शन नाहीच, त्यामुळे ‘तुम्ही सांगितलं तसंच टाइप केलं, पण नेम एरर येते’ असे प्रश्न सतत येत राहतात. अशा वेळी दोन्ही पद्धती ठेवाव्या लागतात, आणि कोणाकडे कोणती आवृत्ती असेल तर कोणता धडा बघायचा हे धड्याच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं. प्रश्नोत्तरांचा विभाग हा कोर्सचा जिवंत भाग आहे. तिथे उत्तर उशिरा गेलं तर तारे कमी होतात, तारे कमी झाले की शोधात कोर्स खाली जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, समोर एक माणूस उद्या साहेबांना द्यायच्या शीटवर अडून बसलेला असतो. त्याला उत्तर देणं मला आवडतं. ज्याला ते आवडत नाही त्याने या धंद्यात पडू नये.

युडेमीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कोणता धडा किती बघितला जातो आणि लोक कुठे सोडून जातात हे शिक्षकाला दिसतं. वर्गात मान डोलावणारे सगळे समजल्यासारखे दिसतात. इथे आकडे खरं सांगतात. ॲबसोल्यूट रेफरन्सच्या धड्यावर, म्हणजे सूत्र दुसरीकडे कॉपी केलं तरी सेलचा पत्ता बदलू नये म्हणून डॉलरचं चिन्ह कुठे लावायचं त्या ठिकाणी, लोक गळतात हे मला वर्गात इतकी वर्षं शिकवूनही कळलं नव्हतं. तो धडा तोडून दोन केले, मध्ये सरावाची फाइल दिली, आणि गळती कमी झाली. शिकवणं सुधारायला इतकं सरळ साधन मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

दोन गोष्टी मात्र करारावर सही करण्याआधी नीट वाचा. कोर्सची मालकी तुमचीच राहते, ही चांगली बाजू. पण विद्यार्थ्यांचे ईमेल तुम्हाला मिळत नाहीत. त्यांच्याशी बोलायचं ते युडेमीच्याच संदेशांतून आणि त्यांच्या नियमांत. म्हणजे हजार विद्यार्थी असले तरी उद्या तुम्ही दुसरीकडे गेलात तर ते तुमच्याबरोबर येत नाहीत. दुसरी गोष्ट 2024 मधली. कोर्सची सामग्री युडेमीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुविधांसाठी वापरली जाईल, नको असेल तर ठरावीक मुदतीत तसं कळवा, अशी पद्धत त्यांनी आणली. आधी विचारून संमती घ्यायला हवी होती, असं मला वाटतं. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या उदाहरणांनी बांधलेला धडा कुठे वापरला जाईल हे ठरवायचा पहिला हक्क शिक्षकाचा आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन तुमची निवड काय आहे ते स्वतः तपासा.

मग कोर्स तिथे ठेवावा का? अरुंद आणि नेमका विषय असेल तर जरूर. ‘संपूर्ण एक्सेल’ नावाचे कोर्स तिथे उदंड आहेत आणि जुन्या शिक्षकांकडे रेटिंगचा डोंगर आहे. ‘पगारपत्रकासाठी एक्सेल’ किंवा ‘गोदामातल्या साठ्याचा हिशोब’ असा विषय घेतला, तर शोधणारे कमी असतात पण जे येतात ते घेतात. पहिल्या धड्यात स्वतःची ओळख लांबवू नका. मोफत झलक बघणाऱ्याला दोन मिनिटांत एखादी उपयोगी युक्ती मिळायला हवी. आणि स्वतःच्या बाहेरच्या वर्गाची किंवा साइटची माहिती द्यायला युडेमी शेवटी एक बोनस धडा ठेवू देते. बाकी धड्यांत अशी जाहिरात चालत नाही. तो धडा प्रामाणिकपणे वापरा.

मी सध्या असं विभागते: नवशिक्यांचा छोटा कोर्स युडेमीवर, आणि ज्यात मला प्रत्येकाची शीट उघडून बघायची असते तो मोठा वर्ग माझ्या साइटवर, मर्यादित जागांसह. पॉवर क्वेरीचा, म्हणजे एक्सेलमध्ये माहिती आणून साफ करायच्या साधनाचा, नवा कोर्स तयार होतोय, तोही आधी युडेमीवरच जाईल. ज्यावर मला 97 टक्के वाटा मिळतो ते माझं कूपन जुन्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी पाठवणार आहे, म्हणजे सुरुवातीची परीक्षणं खऱ्या शिकलेल्या माणसांची येतील.