लांबीखालची फियाट

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचा (तीच ती जुनी फियाट) शेवटचा दिवस उजाडला आणि इकडे माझं डोकं फिरलं. लहानपणी बाबांच्या फियाटमध्ये पुढच्या सलग सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीनं बसायचो, बाबा स्टिअरिंगजवळचा गिअर वर-खाली करायचे. तसलीच घ्यायची, असं मनानं घेतलं.

फेब्रुवारीत सांगलीकडच्या एका एजंटाकडे १९८४ची मिळाली. दुधी रंग, आरशासारखं पॉलिश. "दादा, घरचीच गाडी. पाच वर्षांत पत्र्याला हात लावलेला नाय." एक लाख पस्तीस हजार. मी पोचलो तेव्हा गाडी अंगणात सुरूच होती. मला वाटलं, काय तत्परता! गार इंजिन उठताना किती धूर ओकतं ते दिसू नये म्हणून आधीच तापवून ठेवलेली. बायको म्हणालीही, "खालून बघितली का?" नव्या पँटीत कुठे आडवा होऊ, म्हणून मी टाळलं. त्या पँटीची किंमत पुढे कळली.

पुण्यात ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांनी दाराखाली जॅक लावला. हँडल फिरवत गेले, गाडी काही उचलेना. जॅकच वर चालला होता. कर्रर्र आवाज झाला आणि तो पत्रा फाडून आत घुसला. काकांनी स्क्रूड्रायव्हरनं टोकरलं तशी लांबी, म्हणजे पत्र्याची भोकं-खड्डे बुजवायची पुटी, ढेकळांसारखी गळायला लागली, कुठे कुठे बोटभर जाड. तिच्यामागे कोंबलेलं वर्तमानपत्र. काकांनी ते उलगडलं. दिवाळी सेलची जाहिरात, २०२३.

"पाच वर्षं म्हणाला ना?" काका एवढंच बोलले.

पद्मिनीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नसते, सगळा भार बॉडीच घेते. तळ सडला की नुसतं डेंटिंग-पेंटिंग करून भागत नाही. फ्लोअर, दोन्ही दारांखालचे पट्टे, डिकीचा तळ, सगळं कापून नवा पत्रा वेल्ड केला. धूर दाबायला इंजिनात दाट ऑइल ओतलेलं. मग इंजिनही बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून घासून, पुन्हा बांधलं. दोन लाख नव्वद हजार गेलेत, वायरिंग बाकी आहे. वर कागदांचं लचांड. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, आणि हिची मुदत २०१९लाच संपलेली. सही करताना मी ती तारीख वाचलीच नव्हती!

कुणी जुनी गाडी बघायला जाणार असाल तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा, इंजिन गार पाहिजे. पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करा. फ्रीजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे पकडत नाही तिथे लांबी आहे. कार्पेट उचला. चासी नंबर आरसीशी ताडून पाहा. आणि टोकन देण्याआधी आपला मेकॅनिक सोबत न्या, त्याचा दिवस बुडेल त्याचे पैसे द्या.

एजंटाला फोन केला तर म्हणाला, "दादा, चाळीस वर्षांची गाडी हाय, थोडंफार निघणारच." त्यानंतर फोन उचलत नाही. गेल्या आठवड्यात त्याच अंगणात उभी असलेली आणखी एक फियाट विक्रीला आलेली दिसली, हिरवी. खाली लिहिलंय, पत्रा ओरिजिनल.